महापालिकेची नोटीस हातात पडली तर : नाशिकमध्ये दंड, शास्ती आणि त्यामागचे कागद

नाशिकला नव्याने घर घेतलेल्या, दुकान थाटलेल्या किंवा गाडा लावणाऱ्या माणसाची महापालिकेशी पहिली ओळख बहुतेकदा दंडाच्या पावतीवरून होते. मग तो आधी ओळखीचा माणूस शोधतो किंवा पैसे भरून मोकळा होतो. दोन्हीच्या आधी करायचं काम वेगळं आहे : हातात आलेला कागद नेमका कोणता, ते बघायचं. पावती म्हणजे परवानगी नव्हे, हे एवढं डोक्यात ठेवलं तर पुढचा अर्धा त्रास वाचतो. पाच हजार भरले म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या विकता येत नाहीत, आणि शास्ती भरली म्हणून गच्चीवरची खोली अधिकृत होत नाही.

आधी हद्द बघा

नाशिक महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ ची. मुख्यालय शरणपूर रोडवरचं राजीव गांधी भवन, पण तुमचं काम बहुधा विभागीय कार्यालयातच होईल. विभाग सहा आहेत : नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि नवीन नाशिक, ज्याला सगळे सिडको म्हणतात.

घोळ हद्दीच्या कडेला होतो. देवळाली कॅम्पात छावणी परिषदेचा कारभार चालतो, तिथे महापालिकेचा संबंध नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बांधकामाची परवानगी एमआयडीसी देते आणि घरपट्टी मात्र महापालिका घेते, त्यामुळे एकाच शेडबद्दल दोन वेगळ्या कचेऱ्यांचे कागद येऊ शकतात. शहराबाहेरच्या गावांमधल्या बांधकामाचा प्रश्न नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे जातो. मोबाइलवर येणारं वाहतुकीचं ई-चलान पोलिसांचं असतं. ते घेऊन विभागीय कार्यालयात गेलात तर हेलपाटा पडेल.

कागद चार प्रकारचा असतो

लोक सगळ्यालाच ‘दंड’ म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चौघांवरचा उपायही वेगळा.

पहिली, जागेवर फाडलेली पावती. कचरा, थुंकणं, प्लास्टिक यांसाठी स्वच्छता निरीक्षक किंवा पथक ती देतं. दुसरी, नोटीस : अमुक करा, काढा, थांबवा किंवा खुलासा द्या. नोटिशीत बहुतेक वेळा रक्कम नसतेच, म्हणून लोक तिला हलक्यात घेतात. खरं तर चारांत जड तीच. तिसरी शास्ती, म्हणजे घरपट्टीच्या बिलात चढणारी रक्कम. चौथा कागद न्यायालयाचं समन्स. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ३९२ खाली जे गुन्हे ठरवले आहेत, त्यांचा दंड न्यायदंडाधिकारी ठोठावतात, वॉर्डातला अधिकारी नव्हे. त्यामुळे ‘कोर्टात जायचं नसेल तर इथेच द्या’ असं कोणी म्हणालं, तर ‘कोणत्या तरतुदीखाली, आणि पावती कुठे?’ एवढंच विचारावं.

पायरी १ : नोटीस वाचायची कशी

वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक (कचेरीतून बाहेर पडणाऱ्या पत्राचा नोंदणी क्रमांक, ‘जा. क्र.’) आणि तारीख असते. पुढचं सगळं या क्रमांकावर चालतं, तेव्हा मोबाइलमध्ये आधी त्याचा फोटो काढा. मग या गोष्टी शोधा : कायदा आणि कलम, जागेचा तपशील (सर्व्हे किंवा गट नंबर, प्लॉट नंबर, घरपट्टीचा इंडेक्स नंबर), नेमकी चूक मोजमापासह, मुदत, आणि सही करणाऱ्याचं पद.

तारखा दोन असतात. एक नोटिशीवर छापलेली, दुसरी तुम्हाला मिळालेली. नोटीस हातात देतात, पोस्टाने येते किंवा दाराला चिकटवतात. चिकटवली तर पंचनामा करतात. दारावर चिकटवलेला कागद फाडला म्हणून नोटीस बजावली गेली नाही असं होत नाही, उलट तुमच्याकडची प्रत जाते. सही करून घेताना सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने घाला. सही करणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे. फार तर ‘प्रत मिळाली’ असं लिहावं.

कलमांपैकी काही तोंडओळखीची असलेली बरी. महानगरपालिका अधिनियमातलं कलम २६० म्हणजे परवानगीशिवाय किंवा परवानगीबाहेर बांधकाम. यात आधी कारण दाखवायला सांगतात. २६७ म्हणजे काम थांबवा. ४७८ म्हणजे लेखी परवानगी लागणारं काम तिच्याशिवाय केलं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मधलं कलम ५३ (अनधिकृत बांधकाम काढण्याची नोटीस) दिसलं तर सोबत ५२ ही वाचा : त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड आहे, शिवाय चूक चालूच ठेवली तर रोजचा वेगळा दंड. रक्कम किरकोळ वाटते, शिक्षा तशी नाही.

पायरी २ : मुदतीच्या आत खुलासा

खुलासा मोठा लागत नाही. एक पान पुरे. ‘गरीब माणूस आहे, दया करावी’ या मजकुराचा फाइलमध्ये काही उपयोग होत नाही. नकाशा, क्रमांक आणि तारखा यांचा होतो. साधारण असा :

*प्रति, मा. विभागीय अधिकारी, नाशिक महानगरपालिका, (विभाग).*
*विषय : आपली नोटीस जा. क्र. …, दि. … बाबत खुलासा.*
*महोदय, वरील नोटीस मला दि. … रोजी मिळाली. नोटिशीत पूर्व बाजूच्या सामासिक अंतरात ३ × ४ मीटरचे पत्र्याचे शेड असल्याचे म्हटले आहे. सदर शेड दि. … रोजी काढून घेतले आहे. काढण्यापूर्वीचे व नंतरचे फोटो सोबत जोडले आहेत. उत्तर बाजूची भिंत मात्र मंजूर नकाशा क्र. … प्रमाणेच आहे. नकाशाची प्रत सोबत आहे. तरी समक्ष पाहणी करून व मला सुनावणीची संधी देऊन पुढील निर्णय घ्यावा, ही विनंती.*

(सामासिक अंतर म्हणजे इमारतीभोवती नियमाप्रमाणे मोकळी सोडायची जागा.) यात चुकलेलं आणि न चुकलेलं वेगळं केलंय, ते मुद्दाम. सरसकट ‘सर्व आरोप अमान्य’ लिहिणाऱ्याचं खरं म्हणणंही मग कोणी वाचत नाही. दोन प्रती न्या, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. टेबलावर ‘ठेवून जा, बघतो’ म्हणून सोडलेला अर्ज दिलाच नव्हता असं गृहीत धरायला हरकत नाही.

मुदत अपुरी असेल, म्हणजे नकाशाची नक्कल मिळायची असेल किंवा मालक परगावी असेल, तर मुदतवाढीचा अर्जसुद्धा मुदत संपायच्या आतच द्यायचा असतो.

कचरा आणि प्लास्टिक : जागेवरच्या पावत्या

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी जागेवर दंड करायला भक्कम आधार दिला. राज्य शासनाने २०१७ च्या अखेरीस मोठ्या महापालिकांसाठी दर ठरवले ते असे : रस्त्यावर घाण टाकली तर १८० रुपये, थुंकल्यास १५०, उघड्यावर लघवी २००, उघड्यावर शौच ५००. याखेरीज महापालिका स्वतःच्या ठरावाने वेगळे दर लावते, म्हणून पावतीवर कोणत्या बाबीचा दंड आहे ते लिहून घ्या. नुसतं ‘अस्वच्छता’ लिहिलेली पावती पुढे वाद घालायला निरुपयोगी.

कचरा जाळणं मात्र वेगळ्या पंक्तीत बसतं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये ठरवले. सोसायटीचा माळी सुका पालापाचोळा कोपऱ्यात पेटवतो, त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं आणि पावती सोसायटीच्या नावाने येते.

घंटागाडीवरचा वाद साधा असतो : ओला आणि सुका एकाच डब्यात. भाड्याने राहणाऱ्यांनी आणि वसतिगृहवाल्यांनी दोन डबे पहिल्याच दिवशी घ्यावेत. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्यायचे, आणि ट्यूबलाइट, बॅटरी, जुनी औषधं ओल्या कचऱ्यात अजिबात टाकायची नाहीत. सगळ्यात जास्त चुकतं ते इथे : भाजीची देठं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ‘ओला’ म्हणून टाकली जातात. पिशवीसकट तो मिश्र कचरा झाला.

प्लास्टिकचा दंड दुकानदाराचं कंबरडं मोडतो. २३ मार्च २०१८ च्या राज्य अधिसूचनेनुसार पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. त्यात घासाघीस होत नाही, कारण पहिल्या गुन्ह्याला ५,००० हाच आकडा लिहिलेला आहे. निरीक्षकाने ‘दोन हजारांत मिटवू’ म्हटलं तर ते दोन हजार महापालिकेत जाणार नाहीत, हे ओळखा. १ जुलै २०२२ पासून केंद्राची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदीही आहे : प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, प्लेटा, फुग्याच्या काड्या, थर्माकोलची सजावट.

फसवणूक होते ती कापडासारख्या दिसणाऱ्या पिशवीत. भद्रकाली-रविवार कारंजाच्या बाजारातून ‘कापडी’ म्हणून घेतलेली पिशवी बऱ्याचदा नॉन-ओव्हन असते, म्हणजे प्लास्टिकच, आणि ६० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनापेक्षा) पातळ नॉन-ओव्हन चालत नाही. कोपऱ्याचा एक धागा ओढून बघा. कापडाचा धागा विणीतून निघतो, नॉन-ओव्हनचा तुकडा लचका तोडल्यासारखा फाटतो. तुकडा पेटवला तर कापडाची राख होते आणि प्लास्टिकचा वितळून टणक मणी बनतो. खरेदीचं बिल जपून ठेवा. पथकाने विचारलं तर माल कुठून आला हे सांगता आलं पाहिजे.

जप्ती झाली तर माल तुमच्यासमोर वजन करून घ्या, वजन पंचनाम्यात आलंय ना ते बघा. पावतीवर दुकानाचं आणि मालकाचं नाव नीट तपासा, कारण दुसरा-तिसरा गुन्हा मोजला जातो तो याच नावावर. गाळा भाड्याने घेतला असेल तर आधीच्या भाडेकरूच्या पावत्या तुमच्या खाती जाऊ नयेत यासाठी भाडेकराराची प्रत दुकानातच ठेवावी.

हातगाडी आणि फुटपाथ

इथे कायदा विक्रेत्याच्या बाजूने बराच आहे आणि तो विक्रेत्यालाच ठाऊक नसतो. पथविक्रेता अधिनियम २०१४ नुसार स्थलांतर करायचं किंवा हटवायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. मुदतीनंतरही जागा सोडली नाही तर रोज २५० रुपयांपर्यंत दंड. विनाप्रमाणपत्र विक्री किंवा अटीभंग केल्यास प्रत्येक वेळी २,००० रुपयांपर्यंत. ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

माल उचलला तर यादी मागा. यादी देणं पथकावर कायद्याने बंधनकारक आहे. टिकाऊ माल मागणी केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत आणि भाजी-फळांसारखा नाशवंत माल त्याच दिवशी परत मिळायला हवा, ठरलेली फी भरून. यादीत ‘भाजी – १ क्रेट’ असं मोघम लिहू देऊ नका. टोमॅटो २० किलो, कोथिंबीर ३० जुड्या, वजनकाटा १, असं लिहून घ्या. दुपारी क्रेट सुटला तरी आतला माल किती उरला हे सिद्ध करायला हाच कागद लागतो. यादी नसेल तर क्रेट गेला असंच समजायचं.

शास्ती : बिलात हळूच वाढणारी रक्कम

घरपट्टीची मुदत टळली की दरमहा २ टक्के शास्ती चढते. बिल १२,००० चं असेल तर महिन्याला २४० रुपये, दहा महिन्यांत २,४००. बँकेच्या व्याजापेक्षा हे जबर आहे. उलट आर्थिक वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आगाऊ भरणाऱ्याला सवलत मिळते. ‘अभय योजना येईल, तेव्हा भरू’ म्हणणारे पुष्कळ आहेत. योजना येते तेव्हाही ती शास्तीवर असते, मूळ करावर नाही, आणि मधल्या काळात जप्तीची नोटीस येऊ शकते.

दुसरी शास्ती अनधिकृत बांधकामाची, कलम २६७-अ खालची. ती दरवर्षी घरपट्टीच्या दुप्पट. म्हणजे १२,००० चा कर आणि वर २४,०००, एकूण ३६,०००. लोक तिला ‘तिप्पट घरपट्टी’ म्हणतात ते म्हणूनच. बांधकाम अनधिकृत असेपर्यंत ती लागत राहते आणि भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं होत नाही, हे कलमातच स्पष्ट आहे. लहान निवासी घरांना शासनाने यात सवलती दिल्या आहेत, तेव्हा बिलातलं क्षेत्रफळ आणि वापर (निवासी की बिगरनिवासी) आधी तपासा. चुका बहुतेक याच दोन रकान्यांत सापडतात : गच्ची किंवा पार्किंग चटईक्षेत्रात धरलेलं, किंवा कधीकाळी शिकवणी चालायची म्हणून बिगरनिवासी दर तसाच राहिलेला. फेरमोजणीचा अर्ज करून समक्ष मोजून घ्या आणि मोजणी होताना स्वतः टेप धरा.

जुना फ्लॅट विकत घेणाऱ्यांसाठी : घरपट्टीचा पहिला बोजा मिळकतीवर असतो. विकणारा पुण्याला गेला तरी थकबाकी तुमच्या दारात राहते. इसार देण्याआधी इंडेक्स नंबर टाकून थकबाकी बघा, आणि भोगवटा दाखला, म्हणजे इमारत मंजुरीप्रमाणे पूर्ण झाली, आता वापरता येईल असा महापालिकेचा कागद, मागा. ‘दाखला येतोय’ हे उत्तर नाशिकमध्ये सावधपणे ऐकावं. कपाटाचं क्षेत्र चटई निर्देशांकात (प्लॉटवर किती बांधता येईल त्याच्या प्रमाणात) धरायचं की नाही यावरून शहरातल्या कितीतरी इमारतींचे दाखले अडकून पडले होते, आणि त्याचा भुर्दंड घर घेणाऱ्यांनी सोसला.

बांधकामाच्या नोटिशीत काय वाचवता येतं

प्रश्न एकच : केलेलं काम आजच्या नियमांत बसतं का? डिसेंबर २०२० पासून राज्यभर लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली नाशिकलाही लागू आहे. तिच्यात बसत असेल तर परवानाधारक वास्तुविशारदामार्फत नियमितीकरणाचा प्रस्ताव टाकता येतो आणि तडजोड शुल्क भरून मार्ग निघतो. बसत नसेल तर नाही. बंदिस्त केलेलं पार्किंग, सामासिक अंतर खाल्लेलं शेड, गोदावरीच्या निळ्या पूररेषेतलं (जिथवर पूर वरचेवर येऊ शकतो म्हणून बांधकामाला मनाई असते, त्या रेषेच्या आतलं) बांधकाम, यांच्यावर वकिलाची फी घालवण्याआधी नगररचना विभागात नकाशावर बोट ठेवून विचारून घ्या. १९ सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर ती रेषा कागदावरची उरलेली नाही.

पाडकामाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी घालून दिलेली चौकट माहीत असू द्या : नोंदणीकृत टपालाने नोटीस, जागेवरही चिकटवायची, किमान १५ दिवस, सुनावणी आणि कारणांसह आदेश. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय यांवरच्या अतिक्रमणाला ते संरक्षण नाही. गटारीवर बांधलेल्या ओट्यासाठी हा निकाल घेऊन जाऊ नका.

कलम २६० आणि ४७८ च्या नोटिशीविरुद्ध दिवाणी दाव्याची वाट कलम ४३३-अ ने रोखलेली आहे. ‘स्टे आणून देतो’ म्हणणाऱ्याला कोणत्या न्यायालयातून, हे आधी विचारा.

झाड आणि फलक

झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी तोडायला उद्यान विभागाची परवानगी लागते, आणि ५० वर्षांवरचं झाड २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्ष ठरतं. फांद्या छाटायच्या तरी अर्ज करा. विनापरवाना फलकाला मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० पर्यंत दंड. वाढदिवसाच्या बॅनरवर ज्याचा फोटो आणि नाव, तोच आधी सापडतो.

पैसे भरताना

जागेवर फाडलेली पावती सोडली तर विभागीय कार्यालयातला भरणा किंवा महापालिकेची ऑनलाइन सोय, एवढेच रस्ते. कोणाच्या खासगी मोबाइल क्रमांकावर यूपीआयने ‘दंड’ भरायचा नसतो. पावतीवर छापील क्रमांक, बाब, नाव, रक्कम आणि तारीख पाहिजे. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. आणि पावती यंत्रातून निघणाऱ्या थर्मल कागदावरची असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा, सहा महिन्यांत अक्षरं उडतात.

दंड चुकीचा वाटला तर

वरच्या पायरीला जाताना क्रम सोडू नका : विभागीय अधिकारी, मग त्या खात्याचे उपायुक्त, मग आयुक्त. घरपट्टीची आकारणीच अमान्य असेल तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील आहे, पण मुदत अवघी १५ दिवसांची आणि मागणीची रक्कम भरूनच. इथे सगळ्यात जास्त माणसं हरतात, कारण ते पंधरा दिवस साहेबांची वाट बघण्यात जातात.

लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज विहित नमुन्यात आणि पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि न्यायप्रविष्ट प्रकरण घेत नाहीत. फाइलमध्ये तुमच्याविरुद्ध नेमकं काय आहे ते बघायचं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा : १० रुपये, ३० दिवस. अर्जात ‘माहिती द्यावी’ असं लिहू नका. ‘नोटीस जा. क्र. … संबंधी स्थळपाहणी अहवाल, पंचनामा, फोटो आणि टिपणी यांच्या छायांकित प्रती’ असं लिहा. महापालिकेवर दावा लावायचाच असेल तर कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते.

समन्स आलं तर तारखेला हजर राहा. पन्नास-शंभर रुपयांच्या जुन्या दंडाचं प्रकरण असलं तरी गैरहजेरीत वॉरंट निघतं.

शेवटचा कागद बहुतेकजण घ्यायचा विसरतात. चूक दुरुस्त केल्यावर पंचनाम्यातल्या फोटोच्या कोनातूनच नवा फोटो काढा, पूर्ततेचा अर्ज द्या आणि नोटीस निकाली काढल्याचं लेखी पत्र मागा. नाहीतर शेड काढून दोन वर्षं झाल्यावर, निरीक्षक बदलल्यावर, त्याच जावक क्रमांकाची फाइल पुन्हा उघडते आणि पत्रा कधी काढला हे सांगायला शेजाऱ्याशिवाय कोणी नसतं.